कासेर्ता: सिंहासनाआधी पाणी

नेपल्सच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या कासेर्ताच्या राजवाड्याची ओळख बहुधा आकड्यांनीच करून दिली जाते: १२०० खोल्या, ४ चौक आणि मागे डोंगराच्या दिशेने सरळ रेषेत जवळजवळ ३ किलोमीटर चढत गेलेली बाग. मग ओघाने व्हर्सायचे नाव येते आणि कासेर्तावर नकलेचा शिक्का बसतो. हा वाडा बांधायला घेणारा बुर्बाँ घराण्यातला राजा चार्ल्स चौदाव्या लुईचा पणतू होता, त्यामुळे तुलना अस्थानी नाही. पण ती अपुरी आहे. कासेर्ता समजून घ्यायचा तर आधी पाणी पाहावे आणि वाडा नंतर, असे मला वाटते.

बांधकामाचा क्रमच तसे सांगतो. वाड्याची पायाभरणी २० जानेवारी १७५२ रोजी झाली आणि पुढच्याच वर्षी स्थपती लुइजी वानवितेलीने जलवाहिनीचे काम हाती घेतले. ताबुर्नो डोंगराच्या पायथ्याचे फिझो झरे ३८ किलोमीटर दूर होते. वाट बहुतेक जमिनीखालून, डोंगर पोखरत काढलेली. मादालोनीजवळ दरी आडवी आली, तेव्हा तिच्यावर तीन मजली कमानींचा पूल उभा राहिला, ५२९ मीटर लांब आणि सुमारे ५६ मीटर उंच. प्राचीन रोमन जलसेतूंचा हा थेट वारसा, आणि माझ्या मते वानवितेलीचे सर्वांत देखणे काम वाड्यात नसून या दरीत आहे. १७६२ साली पाणी कासेर्ताला पोहोचले. ज्या दालनात राजाने सिंहासनावर बसायचे, ते मात्र पूर्ण झाले १८४५ साली. आराखड्यातला मधला घुमट आणि कोपऱ्यांवरचे मनोरे तर कधी उभेच राहिले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, हा निव्वळ योगायोग. चार्ल्स १७५९ साली स्पेनच्या गादीवर गेला, पैसा आटला आणि वाडा रेंगाळला. पण राजा गेल्यानंतरही, अल्पवयीन फर्दिनांदच्या नावाने काटकसरी मंत्री तानुच्ची कारभार पाहत असताना, जलवाहिनी तीन वर्षांत पुरी झाली. हात आखडता घ्यायची वेळ आली तेव्हा घुमट सोडता आला, पाणी सोडता आले नाही. कारण त्यावर बागेखेरीज आणखीही कामे अवलंबून होती. त्याच पाण्यावर चक्क्या फिरायच्या होत्या, आणि पुढे सान लेउचोच्या रेशीम कारखान्यातली यंत्रेही त्यावर चालली. राहिलेले पाणी नेपल्स शहराकडे वळवण्याची योजना होती. चार्ल्सला राजधानीचा कारभारच समुद्रापासून आत हलवायचा होता, त्यालाही कारण होते: १७४२ साली इंग्रज आरमाराने नेपल्ससमोर नांगर टाकून, तोफा डागण्याची धमकी देत त्याला युद्धातून माघार घ्यायला लावले होते. नव्या राजधानीला पहिली गरज पाण्याची.

बागेतला फरकही इथेच उमगतो. व्हर्सायला सेन नदीचे पाणी चौदा अजस्र चाकांच्या यंत्राने वर चढवावे लागे. तरी ते पुरत नसे आणि राजा जिकडे फिरेल तिकडचीच कारंजी सोडली जात. कासेर्तात पाणी उंचावरूनच येते. धबधब्यातून ते दियाना आणि अ‍ॅक्टिऑनच्या संगमरवरी मूर्तींपाशी उतरते आणि तिथून कुंडामागून कुंड भरत खाली वाड्याकडे येते. कारंजे पाणी खाऊन टाकत नाही, पुढच्या कुंडाला देते. बरोक बागेचा सारा थाट इथे उतारावर उभा आहे, म्हणून ही बाग मला व्हर्सायहून अधिक प्रामाणिक वाटते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वाड्यावर आणि जलवाहिनीवर मजुरांच्या बरोबरीने शिक्षा झालेले कैदी राबले आणि भूमध्य समुद्रात पकडून आणलेले मुसलमान गुलामही राबले. पाणी लोकोपयोगी होते म्हणून या सक्तीचे समर्थन होत नाही आणि तसे करण्याचा माझा हेतूही नाही. उलट पाण्याला केंद्रस्थानी ठेवले की ही माणसे अधिक स्पष्ट दिसतात. वाड्याच्या इतिहासात राजे, राण्या आणि शिल्पकार मावतात. ३८ किलोमीटरच्या इतिहासात मात्र डोंगर कोणी फोडला हे विचारावेच लागते. १९९७ साली युनेस्कोने वाडा, बाग, जलवाहिनी आणि सान लेउचो यांची जागतिक वारशात एकत्रच नोंद केली. तरी बहुतेक प्रवासी वाड्याच्या दारातून आत शिरतात आणि धबधब्यापाशी थांबून मागे फिरतात. मादालोनीची दरी त्यांच्या वाटेवर येतच नाही.