इराण्याचा चहा आणि कोनाड्यातली बशी



गेल्या रविवारी आमच्या चहा मंडळाची फेरी सिकंदराबादला झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही सहा-सातजण, सगळे साठीच्या पुढचे, काचीगुडा, इसामिया बाजार, बडी चावडी या भागांत वाढलेले. महिन्यातून दोन रविवारी सकाळी सातला कुठल्यातरी इराणी हॉटेलात जमतो, चहा पितो, उस्मानिया बिस्किटं खातो, भांडतो आणि घरी येतो. एवढाच छंद. त्या दिवशी एकाची सून सोबत आली होती, पुण्याची. तिनं सहज विचारलं, "तुम्ही लोक इराण्याकडे कधीपासून जायला लागलात? आजोबांच्या काळात चालायचं का हे?" सगळे एका सुरात म्हणाले, "हौ, चालायचं की!" मी तेवढी गप्प बसले. आमच्या घरी ते चालायचं पण आणि चालायचं नाही पण. तिला म्हटलं, लिहूनच सांगते. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घराणं मूळ परभणी जिल्ह्यातलं. मनमाडहून सिकंदराबादला येणारी मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली मुलं त्या गाडीनं शिकायला, नोकरीला हैदराबादेत आली. माझे आजोबा, म्हणजे नाना, त्यातलेच. विवेकवर्धिनीत शिकले (ही शाळा १९०७ ची, आपल्यातले पुष्कळजण तिथलेच) आणि पुढे निजामाच्या महसूल खात्यात कारकून झाले. दफ्तरातलं काम उर्दूत, घरात मराठी, हिशेबाची वही मोडीत. त्या वह्या माझ्याकडे आहेत, म्हणूनच हे लिहिता येतंय.

नानांच्या लहानपणी घरात चहा नव्हता. सकाळी दूध, दुपारी ताक, उन्हाळ्यात पन्हं, पाहुण्याला गूळ-पाणी. चहा म्हणजे साहेबाचं पेय, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तो कुणाच्या हातचा, कुणासोबत बसून प्यायचा हा प्रश्न. पुण्यातलं पंचहौद मिशनचं प्रकरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथं व्याख्यानाला गेलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं ठेवली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानड्यांसारख्या माणसानंही प्रायश्चित्त घेतलं. एका कपाची ही किंमत. आपल्याला आज हसू येतं, पण माझ्या आजीचा, माईचा, जन्म त्यानंतर अवघ्या वीस-बावीस वर्षांनी झाला. तिच्या माहेरी ही गोष्ट दाखला म्हणून सांगत. परक्याच्या चहाचं असं होतं बघा, म्हणून.

चहाचा खप वाढावा म्हणून सरकारनं १९०३ पासून चहावर उपकर लावला होता, आणि तो पैसा जाहिरातीवर खर्च होई. तिसाच्या दशकात तर बाजारात, जत्रेत, स्टेशनावर चहा करून दाखवायला माणसं फिरत, देशी भाषांतल्या पाट्या लागत. आमच्या घरात तो अखेर आला, पण औषध म्हणून. आलं, गवती चहा, आणि सर्दी झालेल्यालाच.

पण नाना त्याच्या आधीपासून बाहेर पीत होते.

इराणी लोक यझ्द, केरमान या भागांतून दुष्काळाला, गरिबीला कंटाळून निघाले, मुंबई-पुण्यात स्थिरावले आणि तिथून काहीजण हैदराबादेत आले. मुंबईच्या इराण्यांत झोरोआस्ट्रियन बरेच, आपल्याकडचे बहुतेक शिया मुसलमान. हा फरक पुण्या-मुंबईचे पाहुणे नेहमी विसरतात. संगमरवरी टेबल, लाकडी गोल बैठकीच्या खुर्च्या, गल्ल्यावर मालक. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, नाणं ठेवायचं आणि बसायचं. त्या काळात अशी जागा शहरात दुसरी कुठली होती सांगा! देवळात नाही, खानावळीत नाही, पंगतीत तर नाहीच.

आणि चहा? घरच्या आल्याच्या चहाची माफी मागून सांगते, इराण्याची सर त्याला नाही. आपण पाणी, साखर, पूड, दूध सगळं एकत्र उकळून मोकळे होतो. तिथं चहाचा काढा वेगळ्या भांड्यात झाकून मंद आचेवर दम देत ठेवतात, दूध दुसरीकडे आटत असतं, आणि दोघांची भेट ऐनवेळी कपात. मी घरी करते तेव्हा चार कप पाण्याला चार चमचे बारीक पूड आणि साखर, पातेल्याच्या झाकणाला कडेनं कणीक लावून बंद, पाऊण तास मंद गॅस. लिटरभर दूध निम्म्यावर आटवायचं, शेवटी चमचाभर खवा. वेलदोडा नक्को. ज्यांना गोड हवं त्यांच्यासाठी 'खडे चमचे की चाय', म्हणजे साखर इतकी की चमचा उभा राहावा. नाना तोच प्यायचे आणि मधुमेहानं गेले, हेही लिहून ठेवते.

नानांचं टोळकं चार जणांचं. दफ्तरातलेच एक कायस्थ, एक तेलुगू ब्राह्मण, एक औरंगाबादचे मुसलमान आणि नाना. दफ्तर सुटलं की सुलतान बाजारात (१९३३ पर्यंत तो रेसिडेन्सी बाजार होता, ब्रिटिशांकडून निजामाकडे परत आला तेव्हा नाव बदललं) एका इराण्याकडे बसायचे. 'वन बाय टू' दोनदा मागवायचा. बोलणं उर्दूत, पण औरंगाबादच्या चाचांचं मराठी इतकं स्वच्छ की नाना आणि ते आपसात मराठीतच बोलत. आम्ही मुलं त्यांना चाचाच म्हणायचो असं लिहिणार होते, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. माझी आत्या म्हणायची, तिच्याकडून ते नाव माझ्या तोंडी बसलंय.

हिशेबाच्या वहीत चहा कुठेच नाही. पहिल्यांदा मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतलं तेव्हा आश्चर्य वाटलं. दूध आहे, तेल आहे, फी आहे, आणि जवळजवळ रोज 'टपाल, एक आणा'. सगळं हाली सिक्क्यात. हा माणूस रोज कुणाला पत्र लिहीत होता? आत्याला विचारलं तर ती पोट धरून हसली. "अगं, ते टपाल म्हणजे इराणी!" माईला वही वाचता यायची, म्हणून ही युक्ती. माईला कळत नव्हतं असं नाही. संध्याकाळी नानांच्या शर्टाला चहाचा आणि दुसऱ्यांच्या सिगारेटींचा वास यायचाच. पण वहीत टपाल लिहिलंय म्हणजे घराचा मान राहिला, असा काहीतरी दोघांचा न बोललेला करार असावा.

बायकांनी इराण्याकडे जायचं नाहीच. पण कुणी आजारी असलं, पाहुणे अचानक आले, की हॉटेलातला पोऱ्या किटलीतून चहा आणून द्यायचा. माई तो तुळशीचं पान टाकून परत उकळायची. उकळला की शुद्ध! चव सगळी जायची म्हणे. मी स्वतः पहिल्यांदा हॉटेलात बसून प्यायले ते १९७८ मध्ये, कोठीच्या वुमेन्स कॉलेजात असताना, तीन मैत्रिणींसोबत, पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये. घरी सांगितलं नाही. वही ठेवत असते तर मीही टपालच लिहिलं असतं.

आता कोनाड्याकडे येते. एवढा वेळ टाळत होते.

चाचा आमच्या घरी यायचे. सणाला, मुलांच्या परीक्षेच्या निकालाला, नाना आजारी असले की रोज. ओसरीवर बसायचे. आणि ओसरीच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी एक वेगळी कपबशी होती, पांढरी, निळ्या काठाची. आत्या त्यात लांबून चहा ओतायची. प्यायल्यावर चाचा स्वतः उठून ती हौदावर विसळायचे आणि कोनाड्यात पालथी घालायचे. ज्या माणसाबरोबर नाना रोज एकाच टेबलावर, एकाच चहाचे दोन भाग करून पीत होते, त्याच माणसाला आमच्या दारात हे. नाना समोर बसलेले असत. कधी काही बोलले नाहीत. चाचाही बोलले नाहीत.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं माई मुलांना घेऊन माहेरी सोलापूरला गेली. आपल्यातली कितीतरी घरं तेव्हा अशीच गेली. नाना एकटे राहिले, कारण नोकरी. वहीत टपाल थांबतं. हॉटेलात जायची हिंमत नव्हती, रस्त्यावरच नव्हती. त्या महिन्यांत चाचा एक दिवसाआड किटली घेऊन घरी यायचे. त्यांनी आपल्या पैशानं आणलेला चहा, म्हणून वहीत नोंद नाही. हे नानांनी नंतर आत्याला सांगितलं.

मग सप्टेंबर. १३ तारखेला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. आपल्या घरांत दिवाळी झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागांत साध्या मुसलमानांवर सूड उगवला गेला, तेही झालं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याचा अहवाल दिला, तो वर्षानुवर्षं बाहेर आला नाही. चाचांची बहीण उस्मानाबादकडे दिलेली होती. आता घरात दार लावून बसायची पाळी त्यांची होती. आणि नाना गेले नाहीत. आत्या म्हणायची, "पंधरा दिवस नाना तिकडे फिरकले नाहीत गं. लोक काय म्हणतील म्हणून. मला म्हातारपणी सांगताना रडले." सोळाव्या दिवशी गेले. बहिणीचा नवरा मारला गेला होता. चाचांच्या घरी नानांनी जन्मात पहिल्यांदा चहा घेतला. घरच्या साध्या कपात दिला त्यांनी, वेगळा कप नव्हता.

इथं पुष्कळांना वाटेल की मग नानांनी घरी येऊन ती कोनाड्यातली कपबशी काढून टाकली असेल. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. माई परत आली, चाचा परत यायला लागले, आणि कपबशी आणखी आठ वर्षं तिथंच राहिली. मी आत्याला दोनदा विचारलं. "माईला कोण बोलणार?" एवढंच म्हणाली. माईवर सगळं टाकणं सोपं आहे. घरात शेवटचा शब्द नानांचाच चालायचा, हे तिनंच मला दहा वेळा सांगितलं होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरला. दफ्तरातल्या माणसांचीही वाटणी झाली. चाचांना औरंगाबाद मिळालं, नाना इथंच राहिले. परभणीचा मराठी माणूस हैदराबादी झाला आणि उर्दू दफ्तरातला मुसलमान महाराष्ट्राच्या वाटेला लागला. आपल्या इतिहासात अशा उलट्या गाठी फार.

निरोप घ्यायला चाचा आले तेव्हा आत्या अठरा वर्षांची होती, तिला सगळं लख्ख आठवायचं. चहा झाला. चाचांनी नेहमीसारखी कपबशी विसळली, पण पालथी घातली नाही. हातात धरून म्हणाले, "वहिनी, ही मी घेऊन जाऊ का? इथं आता हिला वापरणारं कोणी नाही." टोमणा नव्हता म्हणे आवाजात. माई आत गेली. सगळ्यांना वाटलं रागावली. ती बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आली, कप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि डब्यात लाडवांवर ठेवला. म्हणाली, "घेऊन जा, भाऊजी. चुकलं असेल तर पोटात घाला." बशीला चीर होती, प्रवासात टिकली नसती, म्हणून ती राहिली.

ती बशी माझ्याकडे आहे. रविवारी मंडळ माझ्या घरी असतं तेव्हा बिस्किटं दुसऱ्या ताटलीत काढते. हिच्यात काढायला हात होत नाही.

१९५७ नंतरच्या वह्या नव्या पैशांत आहेत. त्यांत 'टपाल' रोज येत नाही, पंधरा दिवसांतून एकदा येतं. आत्या म्हणायची, ते खरंच टपाल होतं, औरंगाबादला पाठवलेलं कार्ड. शेवटच्या तीन वह्या अजून वाचून व्हायच्या आहेत. मोडी वाचणारे ते गृहस्थ आता राहिले नाहीत. ग्रुपमध्ये कुणाला मोडी येत असेल तर कळवा. चहा माझ्याकडून, कणकेचं झाकण लावलेला.