‘मेल’: वरचं की पश्चिमेचं?

कुंभकोणमला कावेरीकाठी मेलकावेरी नावाचा भाग आहे. या नावाचं इंग्रजी करायचं झालं तर ‘अप्पर’ लिहाल की ‘वेस्ट’? तमिळमध्ये ‘मेल्’ म्हणजे वर. पश्चिमेचा ‘मेऱ्कु’ हा शब्द त्यातूनच आला. तसंच ‘कीळ्’ म्हणजे खाली आणि ‘किळक्कु’ म्हणजे पूर्व. कारण पायाखालीच आहे. तिथली जमीन सह्याद्रीकडून बंगालच्या उपसागराकडे उतरत जाते, आणि तलकावेरीला उगम पावलेली नदीही तशीच वाहते. संस्कृतने उगवतीकडे तोंड करून दिशा ठरवल्या. म्हणून पाठीमागची ती पश्चिम, उजव्या हाताची ती दक्षिण. तमिळने जमिनीचा उतार पाहिला. मला हे फार सुंदर वाटतं.

आपल्या कोकणानेही तेच केलं आहे. समुद्राकडची ती खालाटी, घाटाकडची ती वलाटी. पण इथे ‘वर’ पूर्वेला येतं! शब्द तोच, दिशा उलटी.

म्हणून एकटा शब्दकोश पुरत नाही, नकाशाही उघडावा लागतो. १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य असलेल्या तंजावरात ‘मेल वीदी’चं इंग्रजी नाव ‘वेस्ट मेन स्ट्रीट’ झालं. ते अगदी योग्य आहे. सपाट गावातल्या त्या रस्त्याला ‘अप्पर’ शोभलं नसतं.

मेलकावेरीला मात्र मी दोन्ही लावणार नाही. विशेषनाम आहे ते. अनुवादकांनो, ते तसंच ठेवा आणि अर्थ पुढच्या वाक्यात सांगा.