पीक हाती नसतानाचा सण

मध्य प्रदेशातलं पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला गोटमारच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा लावायचा आणि एका काठावरून पांढुर्ण्याच्या, दुसऱ्या काठावरून सावरगावच्या लोकांनी गोटे हाणायचे. दरवर्षी माणसं जखमी होतात, काही जिवानिशीही गेली आहेत. मला त्यात मर्दुमकी दिसत नाही. सौंसर-पांढुर्ण्याची खरी हिंमत पाहायची असेल, तर पाहुण्यानं एक दिवस आधी यावं आणि पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहावं.

पोळा श्रावणी अमावस्येला येतो. शेतकऱ्याच्या वर्षात हा दिवस कुठं पडतो ते पाहा. जुनी ज्वारी कणगीच्या तळाला गेलेली, नवी अजून शेतात हिरवी. कपाशीला पात्या-फुलं धरलेली, पण बोंड फुटायला अवकाश. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर हिरवाच, त्यात फळगळ सुरू झाली की मालकाची झोप उडते. पेरणीचं कर्ज मात्र पुरतं डोक्यावर. डवरणी आटोपून बैल मोकळे होतात म्हणून सण तेव्हा, हे खरं. पण त्यामुळं झालं असं, की कास्तकाराचा सगळ्यांत मोठा सण नेमका रिकाम्या घरात येऊन बसला. झूल, बेगड, नवी वेसण, नवा कासरा, पुरणाची डाळ, सालदाराचे कपडे, सगळं उधारीवर. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. ज्याच्या घरात उद्या काय शिजेल याची खात्री नाही, तोही आवतण देतोच.

1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. 1901च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. आमच्या घरात त्या काळातली एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कडब्यावाचून पणजोबांची जोडी गेली. पोळ्याला गोठा रिकामा. पणजीनं नाल्याची माती आणून दोन बैल केले, पाटावर मांडले, हळद-कुंकू वाहिलं आणि दाराला पळसाच्या डहाळ्या खोवल्या. पणजोबा चिडले होते म्हणे. ‘मेलेल्यांचा कसला सण?’ त्यावर ती म्हणाली, ‘येणाऱ्यांचा.’ पुढची जोडी यायला कित्येक वर्षं गेली, तोवर मातीचे बैल पुजले.

तोरणाखाली बैल जमले की झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होतात. एकानं झडती टाकायची, दुसऱ्यानं उलटवायची आणि शेवटी साऱ्यांनी महादेवाचा गजर करायचा. नावं महादेव-पार्वतीची, पण गाऱ्हाणी आपलीच: सावकाराचं व्याज, कापसाचा भाव, पाटलाची कंजूषी, दगा दिलेला पाऊस. सावकार तिथंच उभा असतो आणि त्याला हसावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच ओट्यावर हात पसरायचा आहे, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं. याला कोणी दुःख विसरणं म्हणेल. मी म्हणणार नाही. इथं दुःखाचा हिशेबच गावासमोर मोठ्यानं वाचला जातो. मग मानाचा बैल तोरण तोडतो, पोळा फुटतो, बैल घरोघरी ओवाळून घ्यायला जातात आणि बैल धरणाऱ्याच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे पडतात.

1956चा अपेक्षाभंग वेगळ्या जातीचा होता. तोवर राजधानी नागपूर, जवळच. 1955 साली राज्य पुनर्रचना आयोगानं आठ जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ सुचवला, त्यात आमचा छिंदवाडा जिल्हा नव्हता. 1 नोव्हेंबर 1956ला ते आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी सातपुड्यापलीकडं भोपाळला गेली. घरात मराठी, कचेरीत हिंदी. वडील सांगत, पुढच्या पोळ्याला एका म्हाताऱ्यानं झडती टाकली: महादेव अर्ज घेऊन भोपाळला निघाले, पण हिंदी लिहिता येईना म्हणून नंदीच्या खुराचा ठसा मारून आले. लोक पोट धरून हसले. त्या हसण्यानं सरहद्द काही हलली नाही. पण आज सत्तर वर्षं होत आली, तोरणाखालची भाषाही हलली नाही.

2023च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. तोरणाखाली मात्र दरवर्षी जोड्या कमी दिसतात. ट्रॅक्टरला ना वेसण ना खांदा. 2020 साली करोनामुळं जमाव बंद होता, तेव्हा लोकांनी घरीच बैल पुजले. झडती मात्र घरी म्हणता येत नाही, तिला ऐकणारा गाव लागतो. बहुतेक झडत्या कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत आणि म्हातारे एकेक करून चालले आहेत. तुमच्या गावात झडती टाकणारा कोणी उरला असेल, तर यंदाच्या पोळ्याला बैलांचे फोटो जरा कमी काढा आणि त्याचा आवाज मोबाईलमध्ये भरून घ्या. सावकाराला हाणलेले टोले वगळू नका.