रात्रीची अस्वच्छता (घरातील प्रौढ कुत्र्यांची)

वर्षाहून मोठा कुत्रा दिवसभर बाहेरच शू-शी करतो, पण रात्री घर निजले की घरातच करतो. ही तक्रार आणि तिच्यावरचा उपाय हा या नोंदीचा विषय. गावाकडे कुत्रा ओसरीवर नाहीतर अंगणात निजतो, तेव्हा रात्री तो कुठे गेला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मँचेस्टरच्या एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांत मात्र कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत असते, आणि मागचे दार माणूस उठेल तेव्हाच उघडते. त्यामुळे पहिल्यांदाच घरात कुत्रा आणलेल्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न इथे हमखास भेटतो.

या शहरात प्रौढ कुत्रा घरी येण्याची वाट बहुधा आश्रयगृहातून जाते. हारपरहे भागातले मँचेस्टर डॉग्ज होम १८९३ पासूनचे. ११ सप्टेंबर २०१४ च्या संध्याकाळी तिथे आग लागून ५० हून अधिक कुत्री मेली. शहर हळहळले, आणि काही दिवसांत १० लाख पौंडांहून जास्त देणगी जमली. आश्रयगृह कितीही मायेने चालवले, तरी पिंजऱ्यातल्या वास्तव्याचा एक परिणाम टळत नाही. निजायची जागा स्वच्छ ठेवणे ही कुत्र्याची उपजत वृत्ती. जिथे झोपायचे तिथेच रात्र रात्र उरकावे लागले की ती बोथट होते. सिमेंटवर करायची सवय लागलेला कुत्रा मग हिरवळीवर अवघडून उभा राहतो आणि घरात येऊन फरशीवर मोकळा होतो. त्याला काही कळत नाही असे नव्हे. तो वेगळेच शिकलेला असतो.

शिकवण्याआधी ओल कुठे आहे ते पाहावे. सगळा उलगडा बहुधा तिथेच होतो. अंथरूणच भिजलेले असेल आणि कुत्री त्यातच गाढ झोपलेली असेल, तर तो सवयीचा दोष नाही. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा झडपस्नायू सैल पडून झोपेत लघवी गळते. त्यावर फेनिलप्रोपॅनोलामाइन किंवा इस्ट्रिऑल ही औषधे पशुवैद्य देतात, आणि बहुतेकींना गुण येतो. दाराजवळ मोठे तळे साचले असेल, तर कुत्रा बाहेर जायला धडपडला होता आणि दार उघडायला कोणी नव्हते. टेबलाच्या पायावर, पडद्याच्या कडेला थोडे थोडे शिंतोडे असतील तर ती हद्दीची खूण. आणि घरची माणसे वर, कुत्रा खाली एकटा, सोबत दारावर ओरखडे असतील, तर मूळ कारण एकटेपणाची भीती.

निरोगी प्रौढ कुत्रा सात-आठ तास सहज थांबतो. आजवर थांबणारा अचानक थांबेनासा झाला, तर पहिली धाव पशुवैद्याकडे. मूत्रसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग रोग, स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काहीही मागे असू शकते. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरहून जास्त पाणी, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने २ लिटरच्या वर पाणी पिणे, हे आजाराचे लक्षण मानतात. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत धरून नेली तर तपासणी सोपी होते. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना पीडीएसए या १९१७ साली सुरू झालेल्या धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयांतून मोफत किंवा स्वस्त उपचार मिळू शकतात. पाण्याचे भांडे रात्री उचलून ठेवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो ऐकू नये. आजारी कुत्र्याला त्याने अपाय होतो.

आजार नाही असे ठरले की शिकवणी पिल्लासारखीच, पहिल्या पायरीपासून. संध्याकाळचे जेवण लवकर द्यावे. निजण्याआधी कुत्र्याला पट्टा बांधून स्वतः बाहेर न्यावे, एकाच जागी उभे राहावे, आणि काम झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्यावा. घरात येऊन दिलेला खाऊ घरात आल्याबद्दलचा ठरतो. अपघात साधारण चारला होत असेल तर साडेतीनचा गजर लावून, न बोलता न खेळता बाहेर न्यावे. आठवडाभर कोरडे गेले की गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवावा. कुत्र्याची गादी आपल्या खोलीत ठेवली तर त्याची चुळबूळ ऐकू येते. माझ्या मते गजराखालोखाल गुणकारी तोडगा हाच.

नुसते दार उघडून त्याला परसात सोडणे इथे पुरत नाही. डिसेंबरअखेर सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, त्यात पाऊस. कुत्रा उंबऱ्यापाशी भिजत उभा राहतो, तसाच परत येतो, आणि मालकाला वाटते काम झाले. दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र पाठोपाठ येतात. त्या दिवसांत फटाक्यांना घाबरलेला कुत्रा अंधारात लघवी करतच नाही, म्हणून शेवटची फेरी उजेडी आणि लांबची घ्यावी.

डाग पुसताना अमोनियाचे क्लीनर टाळावे. त्याचा वास लघवीसारखाच येतो आणि कुत्र्याला पुन्हा तिथे बोलावतो. बायोलॉजिकल धुण्याच्या पावडरचे पातळ पाणी बरे, कारण त्यातली एन्झाइम्स वासाचे मूळ तोडतात; कार्पेटचा रंग उडत नाही ना, हे आधी कोपऱ्यात पाहावे. तळ्यात नाक घासणे हा क्रूरपणा आहे. त्यातून कुत्रा एवढेच शिकतो की माणसासमोर करू नये, आणि मग तो बाहेरही आपल्यादेखत करायचा थांबतो.

म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. मेंदू थकला की दार कुठे होते हेच त्याला आठवत नाही. त्याच्यासाठी रात्रीची एक फेरी कायमची धरून चालावे, जिन्याजवळ मंद दिवा ठेवावा, आणि गादीखाली धुता येईल असे शोषक कापड घालावे.