नाथसागराची टक्केवारी : अनेक नोंदी, एक आकडा

पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यात सकाळी पहिली विचारणा होते ती जायकवाडीच्या टक्केवारीची. हा आकडा धरणावरील पट्टीवर लिहिलेला नसतो. पाणीपातळी, क्षमतेचा तक्ता, वरच्या धरणांचा विसर्ग, पर्जन्यमान आणि कालव्यांतून झालेला वापर अशा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी जोडून तो सिद्ध होतो. मोठ्या कंपन्यांत विक्री, गोदाम आणि वसुली यांची आकडेवारी एक्सेल, पॉवर बीआय किंवा टॅब्लोसारख्या अहवाल प्रणालीत एकत्र आणली जाते, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे जोडणी चुकली तर पाण्याच्या वाटपाचा निर्णय चुकू शकतो.

राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातील वापर धरून, ६५ टक्क्यांहून कमी असल्यास नाशिक व नगरकडील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. या ६५ टक्क्यांच्या मर्यादेचा फेरविचार करण्यासाठी पुढे अभ्यासगटही नेमला गेला. टक्का कोणताही ठरो, तो काढायचा कसा, हा प्रश्न राहतोच.

पहिली अडचण व्याख्येची. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी आहे. त्यातील ७३८ दलघमी मृत साठा वगळता उपयुक्त साठा २,१७१ दलघमी उरतो. समजा, धरणात एकूण १,६०० दलघमी पाणी आहे. मृत साठा वजा करून उपयुक्त साठ्याची टक्केवारी काढली तर ती ३९.७ येते. एकूण पाण्याला एकूण क्षमतेने भागले तर ५५ येते. आणि एका तक्त्यातील एकूण पाणी दुसऱ्या तक्त्यातील उपयुक्त क्षमतेने भागले गेले तर उत्तर ७३.७ येते. या तिसऱ्या उत्तराने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्नच मिटतो! संगणकाला यात काहीही वावगे दिसत नाही, कारण दोन्ही स्तंभांच्या माथ्यावर ‘साठा’ असेच लिहिलेले असते. अशा वेळी एक टक्का म्हणजे २,१७१ कोटी लिटर पाणी, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरी अडचण नावांची. धरण पैठणला, त्याला ओळख मिळाली ती मूळ आराखड्यात जागा सुचवलेल्या बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाची, आणि जलाशयाचे नाव नाथसागर. एकाच जलाशयाच्या या तीन नावांत औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्याची भर पडली. जुन्या व नव्या नोंदी केवळ नावावरून जोडल्या तर निम्म्या नोंदी गळून पडतात, आणि त्या गळाल्याचे अहवालात कोठेही दिसत नाही. म्हणून प्रत्येक धरणाला व जिल्ह्याला न बदलणारा संकेतांक देऊन, जुनी-नवी नावे त्यासमोर लिहिलेला स्वतंत्र तक्ता ठेवावा लागतो.

मोजमापाचे म्हणाल तर पातळी फुटांत (पूर्ण भरल्यावर १,५२२ फूट) आणि मीटरमध्ये, साठा टीएमसीत आणि दलघमीत, विसर्ग क्युसेकमध्ये. दिवसभर ११,५७४ क्युसेकने पाणी वाहिले तर एक टीएमसी होते. एवढे सूत्र एकदा बसवले की हे काम सोपे होते. वेळेचे तसे नाही. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. धरणाची नोंद त्याआधी घेतलेली असेल तर एकाच तारखेखाली दोन वेगळे दिवस शेजारी बसतात. नांदूर मधमेश्वरहून निघालेले पाणी नाथसागरात पोहोचायलाही वेळ लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठणला जो तडाखा दिला, तो आठवणाऱ्यांना या अंतराचे महत्त्व सांगायला नको.

सर्वाधिक फसगत होते ती बेरजेत. गंगापूर धरणाचे पाणी नांदूर मधमेश्वरवरून पुढे जायकवाडीत येते. तिन्ही ठिकाणच्या नोंदी मिळवल्या तर तेच पाणी तीनदा मोजले जाते. क्षमतेचा तक्ता रोजच्या नोंदींना जोडला की क्षमता प्रत्येक तारखेसमोर पुन्हा उमटते. महिन्याची बेरीज मागितली तर २६ टीएमसीचे मुळा धरण ७८० टीएमसीचे होऊन बसते. सरासरीही अशीच. मुळा निम्मे आणि ११ टीएमसीचे भंडारदरा पूर्ण भरले असेल तर ‘सरासरी ७५ टक्के’ असे छापून येऊ शकते. प्रत्यक्षात दोन्ही मिळून ३७ पैकी २४ टीएमसी, म्हणजे ६५ टक्क्यांहून थोडे कमीच पाणी असते. टक्केवारीची सरासरी न काढता मूळ साठा व मूळ क्षमता यांची बेरीज करून शेवटी भागाकार करणे, एवढाच त्यावर उपाय.

क्षमतेचा तक्ताही कायमचा नसतो. गाळ साचला की त्याच पातळीला पाणी कमी मावते. त्यामुळे कोणत्या सर्वेक्षणाचा तक्ता वापरला, हे अहवालात नोंदलेले असावे. अन्यथा दोन कार्यालयांचे आकडे जुळणार नाहीत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर ठरतील.

२०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा निर्णय झाला. त्यात मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५० आणि दारणा समूहातून २.६४३ टीएमसी अशी विभागणी होती. ही बेरीज चोख जुळते. मात्र हा आकडा वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्याचा. वाटेत नदीपात्रात मुरणारे, बाष्प होऊन उडणारे व उपसले जाणारे पाणी वजा जाता नाथसागरात जे पोहोचते, त्याचा स्तंभ स्वतंत्र ठेवावा लागतो. ‘सोडलेले’ आणि ‘पोहोचलेले’ एकाच रकान्यात लिहिले गेले, की नाशिककर आणि पैठणकर एकाच पाण्याविषयी दोन भिन्न आकडे घेऊन भांडत बसतात.