टपालपेटी आणि तिची किल्ली

जुन्नर आणि आंबेगांव ह्या मुलखाला निरोपाच्या वाटेचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. सातवाहनांच्या काळीं कोंकणच्या बंदरांवरून माल आणि वार्ता नाणेघाट चढून जुन्नरास येत. त्यानंतर सुमारें दोन हजार वर्षांनीं, १९७१ सालीं, नारायणगांवानजीक आर्वी येथें देशांतील पहिलें व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झालें आणि परदेशाशीं होणारें बोलणें आकाशमार्गानें चालूं लागलें. तें केंद्र ज्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचें, तिचेंच १९८६ सालीं विदेश संचार निगम झालें; आणि ह्याच निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य भारतीय ग्राहकास इंटरनेट खुलें केलें. पाठोपाठ संगणकी टपाल घरोघरीं शिरलें.

ह्या टपालाच्या इतिहासांतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं विद्यापीठांतील युनिक्स यंत्रांवर ज्यांचें टपाल येई, त्यांना आपल्या पेटीचे नियम स्वतः लिहितां येत. १९९० सालचा प्रोकमेल हा प्रोग्रॅम त्याचें ठळक उदाहरण होय. अमक्याचें पत्र तमक्या कप्प्यांत टाक, अमुक शब्द असलेलें दुसरीकडे पाठीव, असे हुकूम चार ओळींत लिहून ठेवले कीं यंत्र ते मुकाट्यानें पाळी. ४ जुलै १९९६ रोजीं सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्यांनीं हॉटमेल सुरू केलें, आणि इंटरनेट असलेल्या कोणत्याही संगणकावरून, टपालासाठीं एक पैहि न देतां, पत्रें पाहतां येऊं लागलीं. सोय अपूर्व, परंतु पेटी कंपनीच्या घरीं गेली आणि नियम लिहिण्याची लेखणीहि तिच्याच हातीं राहिली. कंपनीनें दिलेलीं बटनें दाबावीं, ह्यापलीकडे मालकास फारसें काम उरलें नाहीं. त्यास मालक म्हणावें कीं भाडेकरू, हाहि प्रश्नच आहे.

१ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल आणलें. इतर फुकट पेट्यांत दोनचार मेगाबाइट जागा मिळे, तेथें ह्यांनीं एक गिगाबाइट देऊं केली. दिवस एप्रिल फूलचा असल्यामुळें पुष्कळांना ती थट्टाच वाटली. परंतु जागेहून महत्त्वाची गोष्ट निराळी होती. जीमेलचें पान जावास्क्रिप्ट भाषेंतील हुकुमांवर चाले, आणि ते हुकूम वाचणाऱ्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्यें अंमलांत येत. जें आपल्या घरीं येऊन चालतें, त्यांत आपणांसहि हात घालतां येईल, हें जाणत्यांनीं ताडलें. २००५ सालीं आरन बूडमन ह्यांनीं फायरफॉक्स ब्राउझरकरितां ग्रीझमंकी हें साधन प्रसिद्ध केलें. वेबपान उघडतांच त्यावर वाचकाचा स्वतःचा प्रोग्रॅम चालविणें, हें त्याचें काम.

जीमेलमध्यें तेव्हां पत्र टाकून देण्याचें स्वतंत्र बटनच नव्हतें. एवढी जागा असतां पत्रें टाकावींच कशाला, असा कंपनीचा युक्तिवाद. तो पर्याय एका यादींत आंत दडविलेला असे. गृहिणीस अडगळीचें महत्त्व पटवून देण्यासारखाच हा प्रकार! ग्राहकांपैकीं जाणत्यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं बटन स्वतःच लिहिलें. त्यांचा प्रोग्रॅम पानावरील पट्टी शोधी, तींत नवें बटन घाली, आणि तें दाबतांच यादींतील दडलेला पर्याय ग्राहकाच्या वतीनें निवडी. जानेवारी २००६ मध्यें कंपनीनें तसलेंच बटन आपणहून दिलें.

ही पाऊलवाट मात्र कच्ची होती. कंपनीनें पानाची मांडणी बदलली कीं ग्राहकांचे प्रोग्रॅम मोडत. २००७ च्या अखेरीस नव्या आवृत्तीबरोबर तसें झालें, तेव्हां खुद्द कंपनीनेंच ग्रीझमंकीवाल्यांकरितां कांहीं स्थिर दुवे जाहीर केले. खरें दार उघडलें तें २००९ सालीं आलेल्या अ‍ॅप्स स्क्रिप्टनें. हीत ग्राहकाचा प्रोग्रॅम कंपनीच्याच यंत्रावर, ठरलेल्या वेळीं, संगणक बंद असतांहि चालतो. मंचरच्या एखाद्या व्यापाऱ्यास नारायणगांवचे टोमॅटोचे भाव रोज पत्रानें येत असतील, तर तीं पत्रें शोधून त्यांतील आंकडे तक्त्यांत उतरविण्यास वीसपंचवीस ओळी पुरतात. मर्यादा आहेत: एका फेरीस ६ मिनिटें, आणि फुकट खात्यावरून दिवसाला १०० जणांनाच पत्रें. लहान धंद्यास एवढें पुष्कळ झालें.

पुढें २०१४ सालीं बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठींहि अधिकृत दरवाजा झाला आणि तेथेंच घोटाळा शिरला. ग्राहकानें एकदां होकार दिला कीं परक्या कंपनीस त्याची सगळी पेटी दिसे. कांहीं ठिकाणीं यंत्रच नव्हे तर तेथील नोकरहि पत्रें वाचीत, असें वॉल स्ट्रीट जर्नलनें जुलै २०१८ मध्यें छापलें. त्यानंतर गूगलनें नियम आंवळले. सबंध पेटी वाचूं पाहणाऱ्या आणि तींतील मजकूर आपल्या यंत्रावर नेणाऱ्या प्रोग्रॅमांची त्रयस्थाकडून तपासणी सक्तीची झाली, आणि तिचा खर्च १५,००० ते ७५,००० डॉलर किंवा त्याहूनहि अधिक सांगण्यांत आला. मोठ्यांनीं तो सोसला. एकट्यानें हौसेखातर साधनें करणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं दुकान बंद केलें. चोरांसाठीं लावलेल्या कुलुपानें शेजारीहि बाहेर राहिले.

स्वतःपुरतें लिहिणाऱ्यास ती तपासणी नाहीं. तथापि साध्या खात्यावर आपलाच प्रोग्रॅम आपल्याच पेटीवर प्रथम चालवितांना, हा तपासलेला नाहीं, ह्याच्या कर्त्यावर तुमचा विश्वास आहे काय, अशी पृच्छा पडद्यावर येते. कर्त्याच्या नांवाच्या जागीं ग्राहकाचा स्वतःचाच पत्ता असतो.