रस्ता बंद, झेंडा पुढे

पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारीच्या सकाळी संकेश्वर, निपाणी, हुक्केरी अशा सीमाभागातल्या कुठल्याही बाजारगावात गाडी घालू पाहणाऱ्याची गाठ आधी बॅरिकेडशी पडते, झेंडा दिसतो तो नंतर. मराठी आणि कानडी शाळांच्या प्रभातफेऱ्या एकाच पेठेतून जात असतात, लेझमाचं पथक चौक अडवून उभं असतं, आणि गडहिंग्लजकडून आलेल्या माणसाला ‘थांबा, फेरी जाऊ द्या’ एवढंच ऐकावं लागतं. या अडवणुकीकडे समारंभाचा नाइलाजाचा खर्च म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. खरा कार्यक्रम म्हणजे झेंडावंदन, तो मैदानावर किंवा कचेरीसमोर व्हायचा. रस्ता बंद होतो तो गर्दीमुळे. झेंडावंदनाची कुळकथा मात्र याच्या अगदी उलट आहे. आधी रस्त्याचं भांडण झालं, मग त्या भांडणातून झेंड्याला वंदन करण्याची शिस्तबद्ध रीत तयार झाली. आणि ती रीत घडवण्यात संकेश्वरच्या आसपासच्या मुलखाचा वाटा मोठा आहे, जो आपण सहसा सांगत नाही.

१९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा झेंडा लावण्यावरून तंटा उभा राहिला. तो चिघळला नागपुरात. तिथे झेंडा कुठल्या इमारतीवर चढवायचा हा वादाचा मुद्दाच नव्हता. झेंडा हातात धरून सिव्हिल लाइन्स या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या सार्वजनिक रस्त्यावरून चालता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता. एप्रिलमध्ये मिरवणूक अडवली गेली आणि १ मेपासून १४४ कलमाखाली तो रस्ता झेंड्याच्या मिरवणुकांना बंद झाला. मग रोज स्वयंसेवकांची छोटी तुकडी झेंडा घेऊन निघायची, ठरल्या ठिकाणी पोलिस तिला पकडायचे, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, पुढे नेतृत्व वल्लभभाई पटेलांकडे आलं, देशभरातून दीड हजारांहून जास्त माणसं अटकेत पडली. १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्यावरून गेली आणि सत्याग्रह संपला. एवढ्या अटकांचं फळ काय, तर काही फर्लांग चालण्याची मोकळीक. हिशेबी माणसाला हा तोट्याचा व्यवहार वाटेल. पण सार्वजनिक रस्ता सार्वजनिक कुणासाठी, हा प्रश्न त्या काही फर्लांगांत पुरता उघडा पडला होता.

नागपूरच्या तुरुंगात हुबळीहून गेलेली एक तुकडी होती आणि तिच्यासोबत होते डॉ. ना. सु. हर्डीकर. अमेरिकेत शिकून, तिथे लाला लजपतरायांबरोबर काम करून परतलेला हा माणूस. तुरुंगाच्या जाचाला कंटाळून काही सत्याग्रही माफी लिहून सुटले. हुबळीची मंडळी टिकली. उत्साहाच्या भरात जमवलेली माणसं आणि तयार केलेली माणसं यांतला फरक तिथे लख्ख दिसला. त्याच वर्षाअखेर काकिनाडा काँग्रेसमध्ये अशी माणसं तयार करण्यासाठी हिंदुस्तानी सेवा दल स्थापन झालं, आणि पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा घराजवळ झाली. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी उभारलेल्या ‘विजयनगर’ या अधिवेशनाच्या नगरीत गर्दीला वाट दाखवणं, रांगा धरणं, रस्ते मोकळे ठेवणं ही कामं स्वयंसेवकांची होती, आणि उमाबाई कुंदापूरांच्या हाताखाली स्त्रियाही त्यांत होत्या. गर्दीला पोलिसाच्या काठीशिवाय शिस्त लावता येते, हे इथे लोकांनी पाहिलं. पुढे सेवा दलानं दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावोगाव झेंडावंदन करण्याचा प्रघात पाडला. रांगेत उभं राहणं, एकानं झेंडा चढवणं, सर्वांनी सलामी देणं, गीत म्हणणं: आज शाळेच्या पटांगणात दिसणारा हा सगळा क्रम त्या रविवारांत रुळला. हर्डीकरांचं पुढचं आयुष्य घटप्रभेशी, म्हणजे संकेश्वरच्या शेजाराशीच जोडलं गेलं. इतक्या जवळच्या माणसाचं नाव झेंडावंदनाच्या भाषणांत क्वचित निघतं, ही गोष्ट मला आपल्या समारंभांविषयी बरंच काही सांगून जाते.

यावर कुणी म्हणेल की सलामी, बिगूल, कवायत हे सगळं लष्कराचं. बेळगावला छावणी होती, राजाच्या वाढदिवसाला तोफा आणि संचलनं होत होती, आपण तेच उचललं. रूपाबद्दल हे खरं आहे. सेवा दलानं कवायत घेतली ती लष्करी नमुन्यावरच, आणि काँग्रेसमधल्या बऱ्याच जणांना ती अहिंसेशी विसंगत वाटत होती. पण छावणीच्या संचलनात गावाचं काम एकच असतं: कडेला उभं राहून बघणं. झेंड्याच्या फेरीत गाव स्वतः चालतं. पोषाखाचं कापड एकाचं असेल, पण त्यावरून अंगातला माणूस ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रस्ता अडवून चालणं आपल्याला काँग्रेसनं शिकवलं का? शंकराचार्यांचा मठ आणि शंकरलिंगाची यात्रा असलेल्या संकेश्वरला मिरवणूक नवी कशी असेल? पालखीला वाट करून देणं, रथापुढून बाजूला होणं हे या पेठांच्या हाडीमासी आहे, आणि टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला दिलेल्या सार्वजनिक वळणाचं तर मिरवणूक हे मुख्य अंगच होतं. हे सगळं मान्य. तरी पालखीच्या मिरवणुकीत मान ठरलेले असतात. पुढे कोण, छत्र कुणाचं, पालखी कुठल्या घरापुढे थांबणार आणि कुठल्या वस्तीत शिरणारच नाही, हे सगळं रूढीनं आधीच सांगून ठेवलेलं. रस्ता तेव्हाही बंद होई. काहींना तो बारा महिने बंद होता. नागपूरचा सत्याग्रह सुरू असतानाच, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या रस्त्यांवरून डॉ. आंबेडकरांच्या मागे माणसं चवदार तळ्याकडे चालत गेली. नागपूर आणि महाड यांचे नेते वेगळे, शत्रूही वेगळे. एकाला दुसऱ्याचं श्रेय देण्यात अर्थ नाही. पण सार्वजनिक जागेत उघडपणे, रांगेनं, हक्कानं चालत जाणं हीच मागणी असू शकते, हे दोन्हीकडे कळलेलं होतं. पालखीच्या परंपरेत ही कल्पना सापडत नाही. झेंड्याच्या फेरीला वळण मिरवणुकीचं मिळालं. पुढे चालण्याचा मान कुणाच्या घराण्याचा नसतो, हे मात्र तिनं नव्यानं आणलं.

फेरी शेवटी जाते कुठे, हेही पाहण्यासारखं आहे. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेनं इमारतीवर तिरंगा लावला आणि पुढच्याच महिन्यात शहरात लष्करी कायदा आला. १९४२ च्या सप्टेंबरात तासगावला मोर्चानं मामलेदार कचेरीवर झेंडा चढवला. वडूजला त्याच वाटेनं निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण गेले. सातारा आणि कोल्हापूरच्या पट्ट्यात त्या वर्षी झेंडा कचेरीवर नेणं हीच लढ्याची व्याख्या होऊन बसली होती. आज तालुक्याच्या गावी फेरी पेठेतून निघून तहसील कचेरीच्या आवारात संपते, तेव्हा ती तोच मार्ग चालत असते. फरक एवढाच की फाटक आतून उघडलेलं असतं आणि रस्ता अडवणारा पोलिस आता फेरीच्या बाजूनं उभा असतो. १९२३ ला ज्यांच्यासाठी रस्ता बंद झाला, त्यांच्यासाठीच तो आता वाहनांना बंद होतो.

तरीही अडकलेल्या माणसाची तक्रार खोटी ठरत नाही. गडहिंग्लजहून बाळंतिणीला घेऊन निघालेल्या रिक्षाला नागपूरचा इतिहास ऐकवून उपयोग नाही. ‘रहदारीला अडथळा, रहिवाशांना त्रास’ अशी कारणं १४४ कलमाच्या हुकमांतही असत, एवढ्यानं प्रत्येक अडथळा पवित्र होत नाही. माझ्या मते कुळकथेतूनच इथे कसोटी मिळते: रस्ता चालणाऱ्यांसाठी बंद असेल तर तो परंपरेत बसतो; पाहुण्यांच्या गाड्या आणि मंडपातल्या खुर्च्यांसाठी बंद असेल तर तो सिव्हिल लाइन्सच्या बाजूला जातो. शिवाय बेळगावच्या अधिवेशनात रस्ते मोकळे ठेवणं हेही स्वयंसेवकाचं काम होतं. रुग्णवाहिकेला वाट काढून देणारा शाळकरी मुलगा हर्डीकरांच्या रीतीला, भाषण करणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा जास्त जवळचा आहे.

आणि मग या भागाचा तिसरा दिवस, १ नोव्हेंबर. १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो या तारखेला. बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक राणी चन्नम्मा चौक भरून टाकते, पिवळे-तांबडे झेंडे रात्री उशिरापर्यंत हलत असतात. दुसरीकडे महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळून फेरी काढते. दरवर्षीचा वाद बहुतेक वेळा घोषणांच्या आधी परवानगीवर आणि मार्गावर येऊन थांबतो: कोणत्या चौकातून, किती वाजता, कुठपर्यंत. सीमाप्रश्नाचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण रस्त्याचा दावा दर नोव्हेंबरला नव्यानं उभा राहतो. झेंड्यांचे रंग वेगळे, भाषा वेगळ्या, आणि परवानगीच्या अर्जातला मजकूर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच: एवढ्या माणसांना अमुक रस्त्यानं चालत जायचं आहे.